मर्यादा मान्य, मक्तेदारी अमान्य

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. अर्थशास्त्राची पदवी घेऊन तो पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेला. दोन सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने एक छोटी सेवा उभी केली होती. कामगार संघटना, शेतकऱ्यांच्या समित्या, स्थानिक पत्रकार, नागरिकांचे गट हे निरनिराळ्या समाजमाध्यमांवर जे लिहितात ते एकत्र करून, विषयवार लावून, एकाच पानावर वाचकापुढे ठेवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. अशा सेवेला संकलन सेवा म्हणतात. त्यात नफ्याचा हेतू नव्हता. खर्च तिघे मिळून भागवीत. ही सेवा बंद पडली होती आणि ते सांगण्यासाठीच तो आला होता.

“सर, माणसे आमच्याकडे होती, वाचकही होते. कंपनीने आमच्या विचारणांची मर्यादा अशी काही आवळली की पान भरणेच अशक्य झाले,” तो म्हणाला. मी विचारले, “आणि मर्यादा सैल होती तेव्हा तुमचे सारे सुरळीत होते काय?” तो क्षणभर थांबला आणि मग त्याने प्रामाणिकपणे दुसरी हकीकतही सांगितली. आदल्या पावसाळ्यात एका दिवशी जोराचा पाऊस झाला. कोणता रस्ता बंद, कोणत्या वस्तीत पाणी शिरले, हे पाहण्यासाठी लोक त्यांच्या पानाकडे वळले. पण दिवसाच्या साऱ्या विचारणा सकाळी अकरालाच संपून गेल्या होत्या. संपल्या कशात? तर ज्यांनी आठवडाभर एक अक्षरही लिहिलेले नाही अशांच्या खात्यांवर काही नवे आहे काय, हे दर दोन मिनिटांनी पाहण्यात. त्या दिवशी दोष कंपनीचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या उधळेपणाचा होता. त्यांनी चूक ओळखली आणि सेवा नव्याने रचली. ती काही महिने उत्तम चालली. पुढे कंपनीने अल्प मुदतीची सूचना देऊन मर्यादा इतकी खाली आणली की काटकसरीलाही वाव उरला नाही.

ही वरवर एकच तक्रार. पण तिच्या पोटात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मर्यादित साधन जपून कसे वापरावे, हा पहिला. ती मर्यादा कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाला उत्तरदायी राहून ठरवावी, हा दुसरा. पहिला शिस्तीचा आहे, दुसरा सत्तेचा. संगणकाचे जाणकार बहुधा पहिल्याच प्रश्नात रमतात आणि आपल्यासारखे कार्यकर्ते पहिला ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी घेतात. दोघांचेही विवेचन त्यामुळे अर्धवट राहते.

विषय अपरिचित वाटेल, म्हणून आधी त्याची फोड करतो. समाजमाध्यमाची कंपनी आपल्या भांडारातील माहिती दोन दारांनी देते. एक दार माणसांसाठी, म्हणजे आपण भ्रमणध्वनीवर पाहतो ते पान. दुसरे दार यंत्रांसाठी असते. दुसऱ्या कोणाच्या संगणकाने ठरलेल्या रीतीने प्रश्न विचारावा आणि त्याला ठरलेल्या रीतीने उत्तर मिळावे, अशी ती सोय. तिला एपीआय म्हणतात आणि अशा प्रत्येक विचारणेला कॉल. प्रत्येक उत्तरामागे वीज, यंत्रे आणि ती चालविणाऱ्यांचे श्रम खर्ची पडत असल्याने कंपनी प्रत्येक त्रयस्थ सेवेला ठराविक वेळात ठराविक विचारणांचीच मुभा देते. ती ओलांडली की ‘४२९’ हा संकेतांक परत येतो. त्याचा अर्थ, फार विचारणा झाल्या, आता थांबा.

अपव्ययाचा हिशेब

शिस्तीच्या प्रश्नाला एक जुना आणि बोलका दाखला आहे. गुगलमधून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी २००७ साली अमेरिकेत फ्रेंडफीड नावाची संकलन सेवा सुरू केली. आपले मित्र कोठे काय लिहितात, कोणती छायाचित्रे टाकतात, हे सारे ती एका ओघात दाखवी. छायाचित्रांसाठी तिला फ्लिकर या सेवेच्या दारी जावे लागे. २१ जुलै २००८ या एका दिवसाचा हिशेब त्या सुमारास एका तांत्रिक परिषदेत मांडला गेला. त्या दिवशी फ्रेंडफीडने फ्लिकरकडे २९ लाख वेळा विचारणा केली. कशासाठी? ४५,७५४ जणांची नवी छायाचित्रे आहेत काय ते पाहण्यासाठी. आणि त्यांपैकी ज्यांनी काही टाकले असण्याची शक्यता तरी होती, असे लोक होते अवघे ६,७२१. म्हणजे दर माणसामागे दिवसाकाठी ६३ हेलपाटे आणि शंभरातील ८५ जणांच्या दारी मुळात काही मिळण्याजोगे नव्हतेच.

हा मूर्खपणा नव्हता. त्या रचनेत दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता. ‘काही नवे आहे काय?’ असे विचारीत राहणे, एवढेच संकलकाच्या हाती होते. ‘नवे आले की तुम्हांला कळवू’ असे सांगणारा समोर कोणी नव्हता. म्हणून ऑगस्ट २००८ मध्ये फ्रेंडफीडनेच एक साधी पद्धत सुचविली. ज्यांच्याकडे काही बदलले आहे अशांची एक यादी प्रत्येक सेवेने प्रसिद्ध करावी आणि संकलकाने तेवढ्याच दारी जावे. पुढल्या वर्षी पबसबहबब नावाची अधिक व्यापक पद्धत आली. तीत नवे काही येताच एक मध्यस्थ ते संबंधितांना आपण होऊन पोचवितो. हीच पद्धत जानेवारी २०१८ मध्ये वेबसब या नावाने महाजालाच्या प्रमाणकांत अधिकृतपणे दाखल झाली. यातील धडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी नवा नाही. टंचाई नेहमी साधनांची नसते. पुष्कळदा ती रचनेची असते. माहिती असणाऱ्याने ती कळविली तर एक निरोप पुरतो, आणि माहिती नसणाऱ्याला विचारीत बसावे लागले तर शेकडो हेलपाटे होतात.

माझ्या विद्यार्थ्याने आपल्या सेवेची फेररचना केली तीही याच धर्तीवर. एकदा मिळालेले उत्तर जवळ जपून ठेवावे आणि तेच पुन्हा मागू नये. रोज लिहिणाऱ्यांकडे वारंवार, महिन्यातून एकदा लिहिणाऱ्यांकडे क्वचित जावे. दहा वाचकांनी एकाच खात्याची चौकशी केली तर दहा नव्हे, एकच विचारणा करावी. ‘थांबा’ असे उत्तर आले तर लगेच दार ठोठावू नये; एक मिनिट, मग दोन, मग चार असे थांबत जावे, आणि सगळी यंत्रे एकाच क्षणी पुन्हा धावणार नाहीत म्हणून प्रत्येकाच्या थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवावा. दिवसाच्या विचारणांपैकी काही हिस्सा आणीबाणीसाठी राखून ठेवावा. यात गूढ असे काही नाही. दुष्काळी गावात टँकरचे पाणी वाटणाऱ्या कोणत्याही शहाण्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही.

मात्र या काटकसरीतही एक सामाजिक निवड दडलेली असते, तिकडे त्याचे लक्ष मी मुद्दाम वेधले. विचारणा मर्यादित असतील तर त्या कोणासाठी आधी खर्च करावयाच्या? ज्याचे अनुयायी लाखांत आहेत त्याच्यासाठी की तालुक्याच्या गावी संप करणाऱ्या शंभर अंगणवाडी सेविकांसाठी? पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे पान आधी ताजे करावयाचे आणि फुकट वाचणाऱ्याचे उरल्या विचारणांतून, अशी व्यवस्था बहुतेक व्यापारी सेवा करतात. म्हणजे कंपनी आपल्याशी जसे वागते तसेच आपण आपल्याहून दुबळ्याशी वागतो. रांग आपल्या हाती आली की ती न्याय्य लावणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. खोटी नावे घेऊन दहा परवाने मिळवावेत आणि मर्यादेला बगल द्यावी, हाही एक प्रचलित उपाय आहे. तो चतुर असेल. पण ती खोटी शिधापत्रिकाच होय. तिचा भुर्दंड रांगेतल्या प्रामाणिक माणसावर पडतो आणि मालकाला सगळ्यांचीच रांग मोडण्याचे निमित्त मिळते.

किल्ली मालकाच्या हाती

आता सत्तेच्या प्रश्नाकडे वळू. येथे ट्विटरचा इतिहास बोधप्रद आहे. २००६ साली सुरू झालेल्या या सेवेने आरंभीच यंत्रांसाठीचे दार उघडे ठेवले आणि बाहेरच्या लोकांनी तिला अक्षरशः घडविले. ‘ट्वीट’ हा शब्द आणि पक्ष्याचे चिन्ह प्रथम वापरले ते ट्विटरिफिक या त्रयस्थ उपयोजनाने. विषयापुढे चौकटीची खूण लावण्याची कल्पना २००७ साली एका वापरकर्त्याने मांडली. बोटाने पान खाली ओढून ताजे करण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत ट्वीटी या दुसऱ्या त्रयस्थ उपयोजनातून आली. ते उपयोजन कंपनीने २०१० साली विकतच घेतले. थोडक्यात, शब्द बाहेरच्यांचा, चिन्ह बाहेरच्यांचे, हाताचे वळणही बाहेरच्यांचे, आणि मजकूर तर सर्वस्वी लोकांचा.

पीक तयार झाल्यावर कुंपण आले. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीने नवे नियम जाहीर केले. तोवर ओळख पटविणाऱ्या सेवेला तासाला ३५० विचारणांची मुभा असे. नव्या नियमांत बहुतेक प्रकारच्या माहितीसाठी प्रत्येकी तासाला ६० आणि काही निवडक प्रकारांसाठी ७२० अशी मर्यादा आली. इतपत त्यात आक्षेपार्ह असे फार नव्हते. काही सेवांना ती सोयीचीही ठरली असेल. खरी मेख निराळ्या कलमात होती. ट्विटरच्या स्वतःच्या उपयोजनासारखेच काम करणाऱ्या त्रयस्थ उपयोजनाला एक लाखाहून अधिक वापरकर्ते हवे असतील तर कंपनीची खास परवानगी घ्यावी लागेल, असे ते कलम म्हणत होते. एक लाख एकावा वापरकर्ता आला म्हणून यंत्रांवर असह्य ताण पडतो, असे कोणताही अभियंता म्हणणार नाही. ती मर्यादा प्रतिस्पर्ध्याच्या वाढीवर होती. पुढे ऑक्टोबरमध्ये ट्वीटबॉट या उपयोजनाची मॅक संगणकासाठीची आवृत्ती वीस डॉलरांना विक्रीस आली. वापरकर्त्यांची संख्याच ठरवून दिलेली असल्याने किंमत चढी ठेवणे भाग आहे, असे तिच्या निर्मात्यांनी उघड सांगितले. कृत्रिम टंचाई आणि तिच्यातून उद्भवणारी भाववाढ यांचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सहसा सापडत नाही.

एलॉन मस्क यांनी कंपनी ताब्यात घेतल्यानंतर तर लाजही सुटली. १२ जानेवारी २०२३ रोजी ट्वीटबॉट, ट्विटरिफिक आदी उपयोजने कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पाडण्यात आली. आठवड्याने, १९ जानेवारीला, अशा उपयोजनांना मनाई करणारा नियम लिहिण्यात आला. शिक्षा आधी, कायदा नंतर! २ फेब्रुवारीला कंपनीने जाहीर केले की फुकट विचारणा आठवड्याभरात बंद होतील. मार्चअखेर जे दरपत्रक आले त्यात विनामूल्य वर्गाला महिन्याला १,५०० मजकूर टाकण्याची मुभा होती, पण संकलकाला लागते ते वाचन जवळपास नव्हतेच. महिन्याला शंभर डॉलर भरणाऱ्याला दहा हजार मजकूर वाचता येत. त्याच्या वर मोठ्या उद्योगांचा वर्ग. मधली पाच हजार डॉलरांची पायरी काही आठवड्यांनी जोडण्यात आली. आणि १ जुलै २०२३ रोजी मर्यादेचा हा वरवंटा यंत्रांवरून थेट माणसांवर आला. पैसे भरून खूण मिळविलेल्यांना दिवसाला ६,००० मजकूर, बाकीच्यांना ६०० आणि नवागतांना ३०० वाचता येतील, असे फर्मान निघाले. मालकाच्या इच्छेनुसार ते आकडे काही तासांत दोनदा वाढविण्यातही आले. ज्या मर्यादा तांत्रिक गरजेतून येतात त्या अशा काही तासांत पुनःपुन्हा बदलत नाहीत.

त्याच वर्षी रेडिट या चर्चामंचाने हाच मार्ग धरला. एप्रिलमध्ये शुल्काची घोषणा झाली आणि मेअखेर दर कळला: पाच कोटी विचारणांना १२,००० डॉलर. अपोलो या लोकप्रिय त्रयस्थ उपयोजनाच्या महिन्याला सुमारे सातशे कोटी विचारणा होत असत. या हिशेबाने त्याचे वर्षाचे देणे दोन कोटी डॉलरांवर जात होते. ३० जूनला ते बंद झाले. येथे एक गोष्ट मात्र नमूद करावयास हवी. १२ जूनपासून आठ हजारांहून अधिक चर्चागटांनी आपली दारे बंद ठेवून निषेध केला. हे गट चालविणारे स्वयंसेवक होते; त्यांना पगार नव्हता, म्हणून वेतनवाढीची मागणीही नव्हती. हा संप हरला, असेच म्हणावे लागेल. तरी त्यामागचा दबाव पूर्ण वाया गेला नाही. दृष्टिहीनांना उपयोगी पडणाऱ्या काही बिगरव्यापारी उपयोजनांना शुल्कातून सूट मिळाली. संघटित दबावाने मक्तेदारीला चीर पडते, ती किती आणि कोठे पडते हे अशा प्रसंगी दिसते.

आमच्या मजकुरावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बड्या कंपन्या फुकट पोसल्या जात आहेत, असे कारण रेडिटने दिले होते. हे कारण खोटे नाही. परंतु बड्या कंपन्यांना रोखण्यासाठी लावलेल्या जाळ्यात छोटी उपयोजने अडकून मेली आणि बड्यांशी मात्र करार झाले. भांडवल बाजारात उतरण्यापूर्वी रेडिटने जे निवेदन प्रसिद्ध केले त्यात, जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या अशा परवाना-करारांचे एकूण मूल्य २० कोटी ३० लाख डॉलर असल्याचे नमूद आहे. हा मजकूर लिहिला कोणी? लोकांनी. त्यातील केरकचरा काढला कोणी? स्वयंसेवकांनी. विकला कोणी, हे सांगावयास नकोच.

नुसती खुलाई हे उत्तर नव्हे

येथवर वाचून एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, ‘मग साऱ्या मर्यादा उठवा, दारे सताड उघडी टाका.’ मला हे मान्य नाही. अशा मुक्तद्वाराचा अनुभव जगाने घेतला आहे. फेसबुकचे यंत्रांसाठीचे दार २०१५ पर्यंत इतके सैल होते की एखाद्या उपयोजनाला तुम्ही परवानगी दिलीत तर तुमच्या मित्रांचीही माहिती त्याच्या हाती पडे. त्या मित्रांना कोणी विचारलेलेही नसे. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणी ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अशा रीतीने गेली असावी, हे कंपनीनेच २०१८ साली मान्य केले. ज्याची माहिती आहे त्या माणसाचे रक्षण करण्यासाठी मर्यादा लागते. यंत्रणा कोसळू नये म्हणूनही लागते.

या दुसऱ्या कारणाचे उदाहरण आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार कित्येक तास अडखळले. भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत लोक खोळंबले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासणीत असे आढळले की, व्यवहार पुरा झाला काय, हे विचारणाऱ्या कॉलांचा काही बँकांकडून नुसता पूर आला होता. जुन्या व्यवहारांचीही पुनःपुन्हा चौकशी चालली होती. २००८ च्या फ्रेंडफीडचाच हा रोग! त्यावर मर्यादा घातल्या गेल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून खात्यातील शिल्लक एका उपयोजनातून दिवसाला ५० वेळा आणि जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच पाहता येईल, असा नियम आला. ही संस्था बँकांच्या मालकीची आहे, तिचा कारभार आदर्श आहे असे मी म्हणणार नाही, आणि यूपीआयच्या व्यवहारांचा फार मोठा हिस्सा दोनच खासगी उपयोजनांतून जातो ही गोष्टही विसरता येत नाही. पण या मर्यादेचे लक्षण पाहा. ती आगाऊ जाहीर झाली, तिचे कारण सांगितले गेले, ती लहानमोठ्या सर्व उपयोजनांना सारखी आहे आणि जास्त पैसे भरून तिच्यातून सुटता येत नाही. ही शिध्याची मर्यादा आहे. ट्विटरची होती ती वखारीच्या मालकाची.

सामाईक साधनांविषयीच्या अर्थशास्त्रीय विचारात गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा लेख फार गाजला. सामाईक कुरणात जो तो आपली गुरे वाढवीत जातो आणि कुरण उजाड होते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावरून एक तर खासगी मालक हवा नाही तर सरकार हवे, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निराळेच चित्र दाखविले. सिंचनाचे पाट, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे यांचा कारभार लोकांनी स्वतःच नियम करून पिढ्यान्‌पिढ्या चालविल्याची उदाहरणे त्यांनी अभ्यासली. आपल्याकडेही धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या अशाच ठरत आल्या आहेत. ऑस्ट्रम यांना २००९ साली नोबेल पुरस्कार मिळाला. ज्या व्यवस्था टिकल्या त्यांची काही समान लक्षणे त्यांनी सांगितली. ज्यांना नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात वाटा असतो. देखरेख करणारे त्यांना उत्तरदायी असतात. शिक्षा पायरीपायरीने वाढते. तंटा सोडविण्याची स्वस्त आणि जवळची सोय असते.

या चार कसोट्या समाजमाध्यमांच्या मर्यादांना लावून पाहा. नियम बदलण्यात वाटा? शून्य. देखरेख करणारा? कंपनीच, आणि ती स्वतःच प्रतिस्पर्धीही आहे. शिक्षा? एका रात्रीत दार बंद. तंटा सोडविण्याची सोय? पाठविलेल्या पत्राला यंत्राचे उत्तर. फेसबुकवर कोणता मजकूर कसा पसरतो, हे पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन जगभरचे पत्रकार वापरीत. कंपनीने ते २०१६ साली विकत घेतले आणि अनेकांच्या विनंत्या झुगारून १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. त्याऐवजी जे दिले त्यात सरसकट पत्रकारांना प्रवेश नव्हता. आरसा मालकाच्या घरात असला की तो केव्हा झाकावयाचा हेही मालकच ठरवितो.

मागणी आणि आचरण

मग मागावे काय? माझ्या मते मागणी नेमकी असावी. ज्या कंपन्यांच्या मंचावर समाजाचा सार्वजनिक संवाद चालतो, त्यांच्या विचारणा-मर्यादांना कायद्याची चौकट असली पाहिजे. मर्यादा आणि दर लेखी जाहीर असावेत. ते बदलावयाचे तर पुरेशी मुदत आणि कारण द्यावे. कंपनीच्या स्वतःच्या उपयोजनाला जे मिळते ते त्रयस्थालाही त्याच अटींवर मिळावे. संशोधन, पत्रकारिता, अपंगांची सोय आणि आपत्तीतील मदत यांसाठी विनामूल्य हिस्सा राखून ठेवावा. आणि कंपनीच्या निर्णयाविरुद्ध कंपनीबाहेर दाद मागता यावी. हे स्वप्नरंजन नव्हे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने ४ कोटी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मंचांवर संशोधकांना माहिती देण्याचे बंधन घातले आहे. आपल्या देशात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बड्या कंपन्यांनी त्यावर भरपूर लिहिले. आपल्यापैकी किती संघटनांनी आपले म्हणणे मांडले?

मागणीइतकेच आचरणही महत्त्वाचे. आपल्या संघटनांची निवेदने, सभांच्या बातम्या, आंदोलनाची छायाचित्रे हे सर्व आज केवळ एखाद्या कंपनीच्या मंचावर असते. ते आधी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर असावे आणि तेथून कोणालाही घेता यावे, अशी आरएसएससारखी जुनी, साधी, कोणाच्याही मालकीची नसलेली सोय तेथे ठेवावी. निरनिराळ्या मंचांना एकमेकांशी बोलता यावे यासाठीचे अॅक्टिव्हिटीपब हे खुले प्रमाणक जानेवारी २०१८ पासून उपलब्ध आहे. त्याचा अभ्यास आपल्या तरुणांनी करावा. आणि जेथे त्रयस्थाच्या दारी जाणे भाग आहे तेथे संयमाने जावे, नको ती विचारणा करू नये, मिळालेले जपावे, रांग न्यायाने लावावी. ज्याने आपला वाटा उधळला त्याच्या तोंडी वाट्याच्या न्यायाची भाषा शोभत नाही.

माझा विद्यार्थी निघताना म्हणाला, “म्हणजे सर, चूक आमचीही होती.” मी म्हटले, “पहिल्या खेपेस तुमची होती, आणि तुम्ही ती सुधारलीत. दुसऱ्या खेपेस तुमची नव्हती, आणि ती सुधारणे तिघांच्या हातचे काम नाही.” ते काम तिघांचे नसेल तर ते कोणाचे, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. तो या साप्ताहिकाच्या वाचकांना विचारीत आहे.